नटराजाची मूर्ती वाचायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नटराजाच्या कांस्यमूर्तीतला डमरू, अग्नी, ज्वाळांचं वर्तुळ या सगळ्यांचा अर्थ काय? पायाखालचा बुटका कोण? आणि तांडव म्हणजे संहाराचा नाच असेल तर ही मूर्ती घरात ठेवू नये असं सांगतात, त्यात काही तथ्य आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो गैरसमज तसाच राहिला तर बाकीचं सगळं उलटं दिसतं. ही संहारमूर्ती नाही. तमिळ शैव परंपरेत शिवाच्या तांडवाचे सात प्रकार सांगतात. त्यांत संहारतांडव हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि आपण ज्याला नटराज म्हणतो ते आनंदतांडव. संहार दाखवायचा असेल तर शिल्पकाराकडे त्यासाठी वेगळ्या मूर्ती होत्याच. तीन पुरं जाळणारा त्रिपुरांतक, मार्कंडेयासाठी यमाला लाथेनं लोळवणारा कालारी, हत्तीला मारून त्याच्या कातड्यात नाचणारा गजसंहार. तमिळनाडूतल्या वळुवूरच्या देवळातली गजसंहाराची कांस्यमूर्ती पाहा. शरीराला बसलेला पीळ, मागे पसरलेलं कातडं, सगळ्या आकृतीत भरलेला आवेश. त्यानंतर नटराजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की फरक सांगावा लागत नाही. हातपाय वेगात आहेत आणि चेहरा निवांत आहे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे.

हे हसू मी माझ्या मनानं वाचत नाही. सातव्या शतकात होऊन गेलेल्या अप्पर या संतानं तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नाचणाऱ्या देवावर एक पद रचलं आहे. कमानदार भुवई, पिकलेल्या तोंडल्यासारख्या लाल ओठांवर उमलणारं हसू, भिजलेल्या जटा, पोवळ्यासारख्या अंगावर दुधासारखं पांढरं भस्म, आणि उचललेलं ते गोड सोनेरी पाऊल. हे बघायला मिळणार असेल, तर या पृथ्वीवर माणसाचा जन्मसुद्धा हवाच, असं तो म्हणतो. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी धडपडणाऱ्या परंपरेतला संत जन्म मागतोय, तेही एक पाऊल दिसावं म्हणून. त्या पावलाकडे आपण परत येणार आहोत, कारण माझ्या मते सगळी मूर्ती त्याच्यासाठी रचलेली आहे.

आता अर्थांची यादी. डमरू म्हणजे सृष्टी, अभयमुद्रा म्हणजे स्थिती, अग्नी म्हणजे संहार, जमिनीवर रोवलेला पाय म्हणजे तिरोभाव, म्हणजे सत्य झाकून ठेवणं, आणि उचललेला पाय म्हणजे अनुग्रह किंवा मुक्ती. ही शिवाची पंचकृत्यं. संग्रहालयांतल्या पाट्यांवर, पुस्तकांत, मूर्ती विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत सगळीकडे हीच यादी असते. ती खोटी नाही, पण तिचा पत्ता ठाऊक असावा. ती येते ‘उण्मै विळक्कम्’ या शैवसिद्धांताच्या, म्हणजे तमिळ शैव तत्त्वज्ञानाच्या, तमिळ ग्रंथातून, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकातला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलेचे इतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी शिवाच्या नृत्यावरच्या आपल्या इंग्रजी निबंधात त्यातलं पंचकृत्यांचं पद्य घेतलं आणि तिथून ही यादी जगभर गेली.

कांस्यातला नटराज मात्र त्याच्या कितीतरी आधी घडत होता. दहाव्या शतकात चोळ राजा गंडरादित्याची राणी सेंबियन महादेवी हिनं कावेरीच्या खोऱ्यात जुनी विटांची देवळं दगडात बांधून घेतली, आणि त्या देवळांच्या भिंतींवरच्या कोनाड्यांत आनंदतांडवाला हक्काची जागा मिळाली. कांस्यातले उत्तम नटराज याच काळापासून पुढे दिसतात. धातूंचं विश्लेषण करणाऱ्या संशोधक शारदा श्रीनिवासन यांनी तर काही मूर्ती त्याही आधीच्या, नवव्या शतकातल्या पल्लव काळातल्या असाव्यात असं मत मांडलं आहे. म्हणजे मूर्ती आधी, पंचकृत्यांचं हे पद्य नंतर, आणि अप्परसारख्यांची पदं त्या दोन्हींच्या आधी. मूर्तिकारानं यादी समोर ठेवून मूर्ती घडवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर नाचत असलेल्या देवाचा तत्त्वज्ञांनी नंतर अर्थ लावला, आणि तो इतका चपखल बसला की आता दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातले शिलालेख या बाबतीत फार बोलके आहेत. राजराज पहिला (९८५–१०१४) आणि त्याच्या घरच्यांनी देवळाला दिलेल्या धातुमूर्तींची तिथे दगडात नोंद आहे. त्याच्या एका राणीनं दिलेल्या नटराजाचं वर्णन असं: चार हात, नऊ जटा, जटेत गंगा, सात फुलमाळा, पायाखाली मुयलकन, म्हणजे तो बुटका. मूर्ती भरीव आहे की पोकळ हेही लिहिलंय, मापं आहेत. देवाचं नाव आहे ‘आडवल्लान’, नाचण्यात वाकबगार असलेला. त्या देवळात सोनं तोलायच्या वजनाला आणि धान्य मोजायच्या मापालाही याच देवाचं नाव होतं. कशाचा अर्थ काय, यावर मात्र एक अक्षर नाही. जे बघणाऱ्याला दिसतं ते मोजून लिहिलंय. मूर्ती वाचायला शिकताना मीही विद्यार्थ्यांना आधी हेच करायला लावते: अर्थ बाजूला ठेवा, काय दिसतंय ते सांगा.

तर काय दिसतं?

चार हात, दोन पाय. (इथे उजवं-डावं म्हणजे देवाचं उजवं-डावं.) मागच्या उजव्या हातात डमरू. मागच्या डाव्या हातावर अग्नी. बऱ्याच जुन्या मूर्तींत तो भांड्यात नसून थेट तळहातावर, बोटांच्या आधारानं पेटलेला असतो. पुढचा उजवा हात अभय देतो आणि त्याच्या मनगटापाशी नाग फणा काढून असतो. पुढचा डावा हात छातीवरून आडवा उजवीकडे जातो. मनगटातून खाली सुटलेला, हत्तीच्या सोंडेसारखा. याला गजहस्त म्हणतात. उजवा पाय गुडघ्यात वाकवून बुटक्याच्या पाठीवर रोवलेला, आणि डावा पाय शरीरासमोरून उजवीकडे उचललेला.

आता हे चार हात एकमेकांशी काय बोलतात ते पाहा. मागचे दोन हात साधारण एकाच उंचीवर दोन बाजूंना ताणलेले आहेत. एकात नाद, एकात ज्वाला. एकातून जग निर्माण होतं, दुसऱ्यात विरून जातं, आणि दोन्ही हात सारख्याच उंचीवर आहेत. यात कुठला हात वरचढ असं नाही. संहाराला घाबरणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं: अग्नी पाच कृत्यांपैकी एका कृत्याचा, आणि त्याच्या बरोबरीनं डमरू वाजतोच आहे.

पुढचे दोन हात निराळे आहेत. अभयहस्त समोरच्या माणसाला उद्देशून आहे. तळवा आपल्याकडे, ‘भिऊ नकोस’. त्याच्या लगेच खालून गजहस्त जातो आणि त्याची बोटं खाली झुकून उचललेल्या पावलाकडे निर्देश करतात. एखाद्या चांगल्या मूर्तीपुढे उभं राहून फक्त या हाताचा मागोवा घ्या. खांद्यापासून निघून कोपरापर्यंत भरीव, मनगटाशी अचानक सैल, आणि बोटांच्या टोकाशी जवळपास वजनच नाही. नजर आपोआप तिथून ओघळून पावलावर येते. म्हणजे पहिला हात सांगतो भिऊ नकोस, आणि दुसरा सांगतो इकडे ये, या पायाशी. मूर्तीतलं मुख्य वाक्य हेच आहे. बाकी डमरू, अग्नी, ज्वाळा हे ते वाक्य ज्या विश्वात उच्चारलं जातं त्याचं वर्णन. म्हणूनच उण्मै विळक्कम् मुक्तीला उचललेल्या पावलात बसवतो तेव्हा तो अर्थ वरून चिकटवलेला वाटत नाही. मूर्तीतला हात आधीपासून तिकडेच बोट दाखवतोय.

या उचललेल्या पायाला नाट्यशास्त्रातही पूर्वज आहे. त्यातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्यातल्या हातापायांच्या ठरलेल्या हालचालींपैकी, ‘भुजंगत्रासित’ या करणाशी अभ्यासक ही मुद्रा जोडतात. अचानक पायाशी साप दिसल्यावर माणूस जसा पाय उचलेल, तसा तो उचलायचा. कलेचे इतिहासकार सी. शिवराममूर्ती यांनी यावर सविस्तर लिहिलं आहे. दचकून उचललेल्या पावलाचं रूपांतर आश्रय देणाऱ्या पावलात व्हावं, आणि नाग हातावर निवांत बसावा, ही त्या मूर्तिकारांची कमाल आहे. तमिळनाडूतल्या सीयमंगलम् इथल्या पल्लव लेण्यात सातव्या शतकातलं एक लहानसं कोरीव शिल्प आहे, त्यात या मुद्रेची सुरुवातीची खटपट दिसते.

आता पायाखालचा. संस्कृतात अपस्मार, तमिळमध्ये मुयलकन. दारुवनातल्या कर्मठ ऋषींनी शिवाला नामोहरम करण्यासाठी होमकुंडातून वाघ, नाग आणि शेवटी हा बुटका राक्षस सोडला, अशी कथा आहे. वाघाचं कातडं शिवानं कमरेला गुंडाळलं, नाग अंगावर घेतला, बुटक्यावर पाय ठेवला आणि नाचायला लागला. अपस्मार हा अज्ञानाचं, आपण कोण आहोत याचा विसर पडण्याचं रूप. इथपर्यंत सगळे सांगतात. पण मूर्तीत जे दिसतं त्याकडे फारसं कुणी लक्ष वेधत नाही: तो मेलेला नाही. कित्येक मूर्तींत त्याचे डोळे उघडे असतात, हातात साप असतो, डोकं वर उचललेलं असतं. शिव त्याला चिरडत नाहीये. त्याच्यावर तोल सांभाळून उभा आहे. शैवसिद्धांतात याला चोख जागा आहे. रोवलेला पाय म्हणजे तिरोभाव, झाकून ठेवणारी शक्ती. जीव या जगात अनुभव घेऊन पिकेपर्यंत त्याच्यावर अज्ञानाचं आवरण राहू देणं हेही शिवाचंच काम आहे. अज्ञान पूर्ण मारून टाकलं तर खेळच संपला. ‘वाईटावर चांगल्याचा विजय’ असं या बुटक्याचं भाषांतर केलं की हा सगळा विचार हातातून निसटतो. ते वर्णन महिषासुरमर्दिनीला शोभतं, नटराजाला नाही.

डोक्यापाशी थोडं थांबू. जटांच्या मधल्या मुकुटात चंद्रकोर, कवटी, धोतऱ्याचं फूल, पिसांचा तुरा, नाग, अशी दाटी असते. दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पसरलेल्या जटा. उजवीकडच्या जटांमध्ये नीट पाहिलं तर एक इवलीशी आकृती सापडते, हात जोडलेली, कमरेखाली माशासारखी किंवा लाटेसारखी. ती गंगा. बोटाच्या पेराएवढी असते पण सोडलेली नसते. नाच एवढा वेगात आहे की जटा सुटून क्षितिजाला समांतर उडाल्या आहेत, आणि त्या वादळात गंगा हात जोडून शांत आहे. कानांकडेही पाहा. उजव्या कानात पुरुषाचं मकरकुंडल, डाव्या कानात स्त्रीचं गोल पत्रकुंडल. अर्धनारीश्वर सांगायला अर्धं शरीर बदलावं लागलं नाही, एका दागिन्यात भागलं.

ज्वाळांच्या वर्तुळाला प्रभामंडल म्हणतात, तमिळमध्ये तिरुवाची. ते दोन्हीकडे मकरांच्या तोंडांतून निघतं. कुणी त्याला ओंकार म्हणतात, कुणी विश्वचक्र, कुणी प्रकृती. मला हे सगळे अर्थ मान्य आहेत, मात्र ते मूर्तीचा गाभा आहेत असं वाटत नाही. त्याला एक साधं कारण आहे. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयातला तिरुवालंगाडूचा नटराज अनेक जाणकार सर्वांत श्रेष्ठ मानतात. फ्रेंच शिल्पकार रोदँनं त्याची छायाचित्रं पाहून १९१३ मध्ये त्याच्यावर भारावून लिहिलं, ते १९२१ मध्ये छापून आलं. त्या मूर्तीला प्रभामंडल नाही, उडणाऱ्या जटाही नाहीत. तरीही काही उणं वाटत नाही. गती सगळी धडात आहे. कमरेतला वळसा, छातीची भरलेली पण सैल घडण, वाकलेल्या गुडघ्यात दाबून ठेवलेला जोर. वर्तुळ काढून घेतलं तरी मूर्ती नाचत राहते. बाजारातल्या अनेक मूर्तींत नेमकं उलट घडतं. वर्तुळ देखणं असतं आणि आतली आकृती कवायत करत असते.

या वर्तुळाला अर्थाबरोबर एक कामही आहे, आणि ते समजायला मूर्ती ओततात कशी ते ठाऊक हवं. पद्धत मधूच्छिष्टाची. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. मेणात राळ मिसळून मूर्ती पूर्ण घडवायची, तिच्यावर आधी नदीच्या गाळाच्या अगदी बारीक मातीचा लेप द्यायचा, मग जाड मातीचे थर, तारांनी बांधायचं. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही कृती दिलेली आहे, आणि तंजावर जिल्ह्यातल्या स्वामीमलैचे स्थपती आजही याच पद्धतीनं मूर्ती करतात. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभारलेला २७ फुटी, सुमारे १८ टनांचा नटराज त्यांनीच घडवला.

दक्षिणेत या मूर्ती भरीव ओततात. आत पोकळी नाही. आम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात बाराव्या शतकातला १५३ सेंटिमीटर उंचीचा नटराज आहे, वजन सुमारे ३०० किलो. क्ष-किरणांनी तपासल्यावर तो आरपार भरीव असल्याचं दिसलं. एवढं वजन एका वाकलेल्या पायावर उभं राहतं. उडालेल्या जटांची टोकं, कमरेच्या शेल्याचं फडफडणारं टोक, कधी हातातली ज्वाला ही वर्तुळाला जाऊन भिडतात, ती उगाच नाही. नाजूक भागांना तिथे आधार मिळतो. जे नाचाचा वेग दाखवतं तेच मूर्तीला सावरतं. मला या परंपरेत सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट कुठली असं विचारलंत तर मी ही सांगेन. अर्थ आणि ओतकाम इथे एकच झालेलं आहे.

दगडात हे जमलं नसतं. घारापुरीच्या लेण्यातला नटराज आठवा. सहाव्या शतकाच्या सुमाराचा, आठ हातांचा, आज बराच भंगलेला, तरी त्याच्या कमरेचा झोका अजून बघणाऱ्याला धरून ठेवतो. बदामीच्या पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा. वेरूळचे, विशेषतः एकविसाव्या म्हणजे रामेश्वर लेण्यातला. हे सगळे दख्खनचे नटराज थोर आहेत, पण ते भिंतीत आहेत आणि त्यांच्याभोवती सभा भरलेली आहे. पार्वती आहे, गणपती आहे, कुणी वाद्य वाजवतंय, वरून देव पाहताहेत. आपण त्या सभेच्या मागच्या रांगेत उभे. तिथे पाय सहसा शरीरासमोरून असा आडवा उचललेला नसतो, आणि गजहस्त पावलाकडे नेऊन ठेवायची ही पक्की जुळणीही नसते. तमिळ मूर्तिकारानं भिंत काढून टाकली. सभाही काढून टाकली. उरली फक्त शिवकामी, म्हणजे पार्वती, तीही वेगळी ओतलेली, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून नाच पाहणारी. तिच्याशिवाय प्रेक्षक म्हणून आता एकटे आपणच असतो आणि तळवा थेट आपल्यासमोर येतो. (संग्रहालयांत बऱ्याचदा शिवकामी दुसऱ्याच दालनात किंवा दुसऱ्याच देशात असते. नटराज एकटा पाहिला तर तो नाच कुणासमोर चाललाय हे अर्धंच कळतं.)

आणखी एक गोष्ट संग्रहालयात हमखास विसरली जाते. मूर्ती आपण तिथे उघडी, प्रकाशझोतात, चारी बाजूंनी पाहतो. देवळात ती तशी दिसत नाही. पीठाला भोकं किंवा कड्या असतात, त्यांतून दांडे घालून ती मिरवणुकीला निघते. या उत्सवमूर्ती. नेसवलेलं रेशीम, दागिने, हारांचे थर. या सगळ्यांत कमरेतला तो वळसा, जो कलेचे अभ्यासक तासन्‌तास समजावून सांगतात, झाकून जातो. उघडं राहतं ते मुख, हात आणि उचललेलं पाऊल. अप्परनं जे जे मोजून सांगितलं त्यातलं बहुतेक सगळं. भक्ताला जेवढं दिसायला हवं तेवढंच उरतं, आणि तेवढ्यात मूर्तीचं म्हणणं पूर्ण पोचतं. चिदंबरमला तर गाभाऱ्यातला मुख्य देवच ही धातूची मूर्ती आहे. इतर शिवालयांत दगडी लिंग गाभाऱ्यात राहतं आणि उत्सवमूर्ती बाहेर पडते; इथे वर्षातून दोनदा, तमिळ आनी आणि मार्गळी महिन्यांतल्या उत्सवांत, स्वतः नटराज रथात बसून रस्त्यावर येतो. आणि त्याच्या शेजारी पडद्याआड काय आहे? मोकळी जागा, सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा लावलेली. आकाशतत्त्वाचं ते स्थान. ज्याला ‘चिदंबर रहस्य’ म्हणतात ते हेच. इतकं नेमकं घडवलेलं रूप आणि त्याच्या बाजूला पूर्ण अरूप, दोन्हींची पूजा एकाच सभेत, म्हणजे देवाच्या नाचाच्या दालनात.

नाचाची जागा नेहमीच अशी सोन्याची नव्हती, हेही सांगायला हवं. अप्परच्याही आधीची मानली जाणारी संत कवयित्री कारैक्काल अम्मैयार आपल्या पदांत तिरुवालंगाडूच्या स्मशानात नाचणारा शिव पाहते. भोवती भुतं, अर्धवट जळलेली लाकडं, घुबडं. तिनं स्वतःसाठी रूप मागून घेतलं तेही हाडांच्या सापळ्याचं, भुताचं. गंगैकोंडचोळपुरमच्या देवळात नटराजाच्या शिल्पाखाली ती बसलेली दिसते. मूर्तीतली कवटी आणि आग या स्मशानातून आलेली आहेत. आनंदतांडवाला मी संहारापासून वेगळं काढलं म्हणून मृत्यू त्यातून बाहेर गेला असं समजू नका. मृत्यू आत आहे, नीट दिसतो आहे, आणि तरीही तळवा ‘भिऊ नकोस’ म्हणतो. आनंद या शब्दाला वजन येतं ते त्यामुळे.

अणुविज्ञानाचाही प्रश्न नेहमी निघतो, म्हणून त्यावर दोन शब्द. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २००४ मध्ये भारत सरकारनं भेट दिलेला दोन मीटर उंचीचा नटराज उभा आहे. कणांचा अखंड नाच आणि शिवाचा नाच ही तुलना सुंदर आहे आणि ती करायला हरकत नाही. मात्र चोळ मूर्तिकाराला अणू माहीत होते असं त्यातून निघत नाही. त्याला जे माहीत होतं ते त्याच्या काळाच्या मानानं पुरेसं मोठं होतं; त्याला उसनं मोठेपण लागत नाही.

आता परत घराकडे. आनंदतांडवाची मूर्ती अशुभ म्हणावी असं तिच्या अंगाखांद्यावर काहीच नाही, हे आतापर्यंत लक्षात आलं असेल. ठेवायची असेल तर आनंदानं ठेवा. निवडताना वर्तुळाच्या नक्षीकडे शेवटी बघा. आधी गजहस्त खरंच पावलाकडे जातोय का ते पाहा. बऱ्याच नकलांत तो पोटावर आडवा अडकलेला असतो, बोटं भलतीकडेच. रोवलेल्या पायाचा गुडघा वाकलेला हवा. तो ताठ असला की नाच संपला. चेहऱ्यावर दरारा आणलेला असेल तर ती मूर्ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. अपस्मार जिवंत दिसायला हवा.

आणि उचललेला पाय डावा हवा, देवाचा डावा. तो उजवा दिसला तर बहुतेक वेळा छायाचित्र उलटं छापलेलं असतं. याला एकच प्रसिद्ध अपवाद आहे. मदुरैच्या मीनाक्षी मंदिरातल्या वेळ्ळियंबलम्, म्हणजे रौप्यसभेत शिव उजवा पाय उचलून नाचतो. नृत्य शिकणाऱ्या एका पांड्य राजाला कळलं की नाचताना एकाच पायावर भार आला तर तो किती दुखतो. त्यानं देवाला विनवलं की एकदा तरी पाय बदल, आणि देवानं बदलला, अशी तिथली कथा आहे. म्हणून मदुरैला गेलात तर तिथला नटराज पाहून मूर्ती चुकली असं समजू नका.